ज्या हाताचं काम, त्या हाताची सुरी

आम्ही मानखुर्दच्या बचत गटातल्या बायका तुमच्याशी बोलतोय. मानखुर्द म्हणजे मुंबईची एक कड. हार्बर लाइनवर आमचं स्टेशन सुटलं की खाडीचा पूल लागतो आणि गाडी थेट वाशीला जाते. आमच्यातल्या कुणाचं माहेर साताऱ्याकडचं, कुणाचं बीडचं, कुणाचं कोकणातलं. त्यामुळे आम्ही शहरात राहत असलो, तरी आमच्या बोलण्यात अजून गावची माती आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्यात कुणी टोपली घेऊन मासे विकते, कुणी लग्नाकार्याच्या स्वयंपाकाला भाजी चिरायला जाते, कुणी घरून डबे देते. कामं वेगवेगळी, पण सगळ्यांच्या हातात वस्तू एकच, ती म्हणजे पातं. कुणाची सुरी, कुणाची विळी, कुणाचा कोयता. आज त्या पात्याबद्दलच बोलायचं आहे. लोहाराकडून आपल्या हाताच्या मापाने सुरी घडवून कशी घ्यायची, ती वापरायची कशी, राखायची कशी, आणि ती आपल्या नावाची का असावी.

तुम्ही म्हणाल, सुरीत काय एवढं? आठवड्याच्या बाजारात पन्नास रुपयांना मिळते की. मिळते, आणि घरच्या चार माणसांच्या भाजीला ती पुरतेही. पण ज्या बाईला दिवसभरात दोन पोती कांदा चिरायचा आहे, तिचं काम त्या सुरीवर भागत नाही. पत्रा पातळ, म्हणून कोबीच्या गड्ड्यात पातं वाकतं. मूठ प्लॅस्टिकची, म्हणून ओल्या हातातून सटकते. तिसऱ्या दिवशी धार गेलेली असते. मग धारेचं काम मनगटाला करावं लागतं. आमच्या कितीतरी जणींचा अंगठा संध्याकाळी सुजायचा, रात्री मनगट ठणकायचं, आणि आम्ही ते वयावर ढकलत होतो. वय तिशी-पस्तिशीचं! दुखणं हाताचं होतं, पण त्याचं मूळ हत्यारात होतं.

आपल्या आज्यांना ही अडचण नव्हती. गावात लोहार होता, बारा बलुतेदारांतला एक. त्याला सुगीला धान्य जायचं आणि त्याच्याकडून घरातली विळी, खुरपी, विळे, कोयते घडून यायचे. खुरपं बोथट झालं की शेवटून आणायचं, एवढंच माहीत. लोहाराला घरातली माणसं माहीत असायची. ही सून उंच आहे, तिची विळी जरा उंच कर. म्हातारीचा हात बारका आहे, खुरप्याची मूठ बारीक कर. तुमच्या कोणाच्या घरात आजीच्या लग्नातली विळी असेल तर काढून बघा. कोणी तिला विळी म्हणतं, कोणी मोरळी, मालवणकडे आदोळी. पातं झिजून अर्धं झालेलं असेल, पण धार लावली तर आजही चालेल. घडवलेलं आणि पत्र्यातून छापून काढलेलं यांतला फरक तिथे दिसतो.

आम्ही जी सुरी घडवून घेतली ती मुठीत पक्की बसवलेली, घडी न होणारी. घडीचा चाकू खिशाला बरा, पण स्वयंपाकाला नाही. त्याच्या सांध्यात मांसाचा, मासळीचा, भाजीचा चिकटा बसतो, तो धुऊन निघत नाही. शिवाय जोर लावताना घडी मिटली तर बोटं त्याच्याखाली. पक्क्या सुरीला सांधा नाही, म्हणून ती धुवायला सोपी आणि जोराला भरवशाची.

आता घडवायला जायच्या आधी काय ठरवायचं ते सांगतो. पहिली गोष्ट, काम कोणतं. एकाच सुरीने सगळं करायचं म्हटलं की ती कशालाच धड होत नाही. भाजी चिरायची असेल तर पातं पातळ हवं, पाठीकडे दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि लांबी सहा इंच पुरते. सुरमईचे तुकडे करायचे असतील, मधला काटा तोडायचा असेल, नारळ फोडायचा असेल, तर कोयता हवा. त्याची पाठ चार-पाच मिलिमीटर जाड, वजन पुढे, म्हणजे घाव वजनाने बसतो आणि खांद्याला ताण येत नाही. पापलेट साफ करायला, बोंबील चिरायला अरुंद, टोकदार, हलकी सुरी बरी. शेतात भात किंवा गवत कापायला दातेरी विळा चांगला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तसा ‘वैभव विळा’ तयार केलेला आहे, त्याला घडोघडी धार लावत बसावं लागत नाही. म्हणजे हत्यार निवडताना आधी कामाचा विचार.

दुसरी गोष्ट, हाताचं माप. ब्लाउज शिवताना आपण माप देतो, मग रोज आठ तास हातात राहणाऱ्या वस्तूचं माप का देऊ नये? माप घेणं अगदी सोपं आहे. चार बोटं जोडून तळहाताची रुंदी मोजा आणि त्यात एक बोट मिळवा. ती झाली मुठीची लांबी. मूठ आखूड झाली तर तिचं टोक तळव्यात रुततं आणि तिथे घट्टे पडतात. जाडीसाठी लाटणं, बांबूची काठी, झाडूचा दांडा असं काहीतरी मुठीत धरून बघा. बोटांची टोकं अंगठ्याच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे, टेकतच नसतील तर जाड आहे. हे माप कागदावर हाताचा आकार काढून लिहून न्या.

आमच्यात दोघी डावखुऱ्या आहेत. लहानपणापासून त्यांना ‘हाताला वळण नाही’ म्हणून बोलणी खावी लागली. खरी गोष्ट अशी, की काही पात्यांची धार एकाच बाजूने काढलेली असते. दातेरी विळ्याचे दातेही एकाच बाजूने तासलेले असतात. ते उजव्या हाताच्या हिशोबाने केलेलं असतं. डाव्या हातात तेच पातं वाकडं चालतं. सुरीला दोन्ही बाजूंनी सारखी धार काढून घेतली, की हा प्रश्नच राहत नाही. त्या दोघींच्या सुऱ्या तशा करून घेतल्या. आता त्यांचा कांदा सगळ्यांत बारीक असतो.

तिसरी गोष्ट, लोखंड. सगळं लोखंड सारखं नसतं. लोखंडात थोडा कोळशाचा अंश असतो, त्याला कार्बन म्हणतात. तो अगदी कमी असेल तर लोखंड मऊ राहतं. बांधकामाची साधी सळई अशीच मऊ असते. तिचं पातं दिसायला छान होतं, पण धार धरत नाही. ट्रकच्या चाकांवर जे वाकलेले पाटे असतात, कमान पाटे, त्यांच्या पोलादात शंभरात अर्धा भाग किंवा थोडा जास्त कार्बन असतो. म्हणून गावोगावचे लोहार पाट्याचा कोयता चांगला म्हणतात. आमच्याकडे सायन-पनवेल रस्त्याला गॅरेज पुष्कळ, जुने पाटे भंगारात मिळतात. घेताना एवढंच बघायचं, की पाट्याला तडा नको. आणि त्याच्यावरचा रंग, ग्रीस, गंज सगळं आधी निघालं पाहिजे, कारण आपल्याला त्याने अन्न कापायचं आहे.

स्टीलची सुरी आणि ही सुरी यांत फरक आहे, तोही सांगतो. स्टेनलेस स्टीलमध्ये शंभरात दहा-अकरा भाग किंवा त्याहून जास्त क्रोमियम असतं, म्हणून ते लवकर गंजत नाही. पाट्याचं पोलाद गंजतं, त्याला जपावं लागतं. पण ते साध्या भट्टीत घडतं, त्याला चांगली धार येते आणि घरच्या दगडावर पुन्हा पुन्हा लावता येते. जपणार असाल तर हे घ्या, नसेल जमत तर स्टीलचं घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

आता भट्टीवर चला. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला पालं टाकून घिसाडी कुटुंबं बसतात. गाडी लोहारही म्हणतात त्यांना. महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. बारा गावांचं पाणी पिऊन, आठवडी बाजार गाठून, शेतकऱ्यांची अवजारं करून देणारी ही माणसं. त्यांच्या भट्टीवर काम कसं चालतं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून ऐरणीवर फिरवतो, आणि त्याच्यावर घण घालते ती बाई. पोर पाठीशी बांधून घण घालणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ हा १९६५ सालचा सिनेमा लोहार नवरा-बायकोचाच आहे. सिनेमातला भाता आणि ऐरण सगळ्यांना आठवते. रस्त्याकडेला घण घालणारी मात्र गाड्या जाता-येताना कुणाला दिसत नाही. तेव्हा लक्षात ठेवा, तुमच्या हातातला कोयता लोहाराने केला असं आपण म्हणतो, पण त्याच्यावरचे निम्मे घाव एखाद्या बाईच्या खांद्यातून आलेले असतात.

घडवणं म्हणजे नुसतं आकार देणं नव्हे. खरं काम पुढे असतं, त्याला पाणी देणं म्हणतात. पातं तापवून लालबुंद करतात. त्या उष्णतेला पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही, ही त्याची एक खूण. मग धारेची बाजू पाण्यात किंवा तेलात बुडवतात. चर्रर्र आवाज येतो आणि पोलाद एकदम कडक होतं. इतकं कडक, की तसंच ठेवलं तर दगडावर पडून काचेसारखं टवका उडेल. म्हणून ते थोडं उतरवावं लागतं. जाणकार लोहार फक्त धारच बुडवतो. पाठीत राहिलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकते, घासून उजळ केलेल्या धारेवर वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळा रंग येतो, आणि त्याच क्षणी तो पातं पुन्हा पाण्यात घालतो. अशा पात्याची धार कडक आणि पाठ चिवट होते. हा सगळा खेळ नजरेचा. म्हणूनच बरेच लोहार हे काम सावलीत किंवा तिन्हीसांजेला करतात, कारण कडक उन्हात रंग ओळखू येत नाही.

पाणी नीट बसलं की नाही ते आपल्यालाही तपासता येतं. लोहाराकडेच कानस मागा आणि धारेवर हलकी ओढा. कानस काचेवरून घसरल्यासारखी सरकली तर धार कडक आहे. कानस लोखंड खात असेल तर मऊ राहिली आहे, पुन्हा पाणी द्यायला सांगा. यात भांडण नाही. चांगल्या लोहाराला असं विचारणारं गिऱ्हाईक आवडतं.

मुठीला बाभूळ, शिसव, चिंच असं घट्ट, चिवट लाकूड घ्या. पात्याचा मुठीत जाणारा भाग निदान अर्ध्या मुठीपर्यंत गेला पाहिजे, आणि तो दोन-तीन रिवेटांनी पक्का केलेला हवा. नुसता लाखेने किंवा डिंकाने चिकटवलेला नको. मूठ आणि पातं यांच्यामध्ये फट नको, कारण त्या फटीतच घाण आणि पाणी बसतं. लाकडाला चकचकीत रंग देऊ नका, तो ओल्या हातात घसरतो. जवसाचं तेल दोन-तीन वेळा चोळून वाळू द्या, लाकूड पाणी कमी पितं.

सुरी घरी आली, आता ती सांभाळायची. पहिल्या आठवड्यात कांदा, लिंबू, कैरी कापली की पात्यावर काळे-निळे डाग येतील. घाबरू नका, तो गंज नाही. पोलादावर बसलेला तो थर आहे आणि तो उलट गंज थोडा थोपवतो. गंज तांबूस असतो, बोटाला लागतो. तो दिसला की राखेने किंवा जाड मिठाने घासून काढा. काम झालं की लगेच धुवा, लगेच पुसा. ओल्या भांड्यांच्या टोपल्यात रात्रभर ठेवू नका. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली सुरी दिसत नाही आणि दुसरीचा हात कापते. चार दिवस वापरणार नसाल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा. कापायला लाकडाचा पाट घ्या. स्टीलच्या ताटात किंवा ओट्याच्या दगडावर कापलं की धार तिथेच मेली.

धार लावायला दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, एक मऊ. दगड ओला करायचा. पातं किती तिरपं धरायचं हे समजायला एक युक्ती आहे. वहीच्या कागदाचा काटकोनी कोपरा घ्या, तो एकदा दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. जो अरुंद कोन उरतो, तेवढंच तिरपं पातं दगडावर धरायचं. एका बाजूने घासा, दुसऱ्या बाजूला बोट हलकेच आडवं फिरवून बारीक खरखर लागली की बाजू बदला. शेवटी मऊ बाजूवर हलक्या हाताने चार-चार हात मारा. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करा. बुडाला जी खरखरीत कडा असते, तिच्यावरही कामापुरती धार लागते. धार अंगठ्यावर बघू नका, टोमॅटोवर बघा.

दारावर चाक घेऊन धारवाला येतो, त्याच्याकडून धार लावायला हरकत नाही, पण जवळ उभ्या राहा. सारखं पाणी लावत, थांबत थांबत करायला सांगा. चाकावर पातं तापून निळं पडलं, की तिथलं पाणी उतरलं. मग ती धार टिकत नाही.

आणि हे पक्कं ध्यानात ठेवा, बोथट सुरीने जास्त अपघात होतात. धार असली की हात हलका चालतो. बोथट असली की जोर लावावा लागतो आणि जोरात घसरते ती बोटावर. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवून धरा. सुरी हातातून निसटली तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या. विळी काम झाल्यावर आडवी ठेवा, असं आपल्या सासवा सांगायच्या. त्याला शकुन-अपशकुन म्हणा की शहाणपण, घरात रांगतं मूल असताना ते पाळायलाच हवं.

कापलंच तर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. तंबाखू, चुना, माती काही भरू नका. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झालं असेल तर सरळ दवाखाना. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, ते गंजलेल्या किंवा मातकट पात्यावरून जखमेत जातात. इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत नसेल तर विचारून घ्या. एके काळी घरच्या बाळंतपणात नाळ विळ्याने कापायची पद्धत होती, आणि त्यातून किती कोवळी बाळं धनुर्वाताने गेली. लसीने आणि स्वच्छ पात्याने ते संकट हटलं. २०१५ साली भारतातून बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात दूर झाल्याचं जाहीर झालं. पाचवीला आपण विळा पूजतो ते ठीक. नाळेसाठी मात्र दवाखान्यातलं निर्जंतुक पातंच.

आता कायद्याचं. हल्ली कोयता म्हटलं की वर्तमानपत्रात ‘कोयता गँग’ येते, त्यामुळे पिशवीत सुरी घेऊन कामाला निघालेल्या बाईला धाकधूक वाटते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांबद्दल आहेत, आणि त्यातून घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. म्हणजे कामाची सुरी बाळगणं हा गुन्हा नाही. तरी पोलीस मधून मधून जमावबंदीचे आणि हत्यारं न बाळगण्याचे आदेश काढतात, तेव्हा जपून राहावं. सुरी चामड्याच्या किंवा जाड कॅनव्हासच्या म्यानात घाला, वर फडकं गुंडाळा, पिशवीच्या तळाशी ठेवा, घरून कामावर आणि कामावरून घरी. सभेला, मोर्चाला, जत्रेला नेऊ नका. आम्ही प्रत्येकीला गटाच्या लेटरहेडवर कामाचं पत्र दिलेलं आहे, तेही जवळ असतं. शेतातल्या मैत्रिणींसाठी कोकणची रीत छान आहे. तिथे कमरेला लाकडी आकडी बांधतात आणि कोयती तिच्यात अडकवतात. हात मोकळे राहतात आणि पातं अंगापासून बाजूला राहतं.

काही जणी विचारतात, ही सुरी स्वसंरक्षणाला होईल का? आमचं उत्तर, नाही. झटापटीत सुरी हिसकावली जाते आणि ती आपल्यावरच उलटते. रस्त्यात संकट आलं तर ११२, घरात मारहाण होत असेल तर १८१ हा महिलांचा नंबर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आपल्यासाठीच आहे. आणि ज्या घरात दारू पिऊन हात उगारला जातो, त्या घरातल्या बाईने सुरी ओट्यावर ठेवू नये, कुलपात ठेवावी. आमच्या गटातल्या काही सुऱ्या रात्री शेजारणीच्या कपाटात असतात. का, ते आम्ही बैठकीत विचारत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

आता आमच्या मनातली खरी गोष्ट. हत्यार कुणाच्या नावावर?

ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींना माहीत आहे, तिथे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. उचल ठरते ती कोयत्यावर. ऊस तोडायला, मोळ्या बांधायला, डोक्यावरून गाडीत चढवायला बाई अर्ध्याची धनीण, पण मुकादम पैसे मोजतो ते बहुतेक नवऱ्याच्या हातात. कोयता हा शब्दच असा झाला आहे, की त्याच्या आत बाई असते आणि तिचं नाव नसतं.

शहरात वेगळं काय आहे? भाजी चिरायला ठेकेदार सुऱ्या देतो, म्हणून मजुरी कमी लावतो. सुरी त्याची, बोथट असली तरी बोलायचं नाही. स्वतःची सुरी घेऊन जायला लागल्यावर आम्ही एक बोलू शकलो: हत्यार आमचं आहे, धार आमची आहे, त्याचा दर धरा. सगळीकडे मिळाला असं नाही, पण काही ठिकाणी मिळाला. आणि दर मिळो न मिळो, मनगट तरी आता ठणकत नाही.

घिसाडी बाईचंही तेच. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसायांत लोहार आहे, अवजारं बनवणारेही आहेत. प्रशिक्षण मिळतं, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि पुढे दोन लाख कर्ज मिळू शकतं. पण लाभ एका कुटुंबातल्या एकालाच. मग नाव कुणाचं लागणार? घण घालते तिचं, की सांडशी धरतो त्याचं? आमचं म्हणणं एवढंच, की घरात बसून याची चर्चा तरी व्हावी. तुमच्या गावाजवळ अशी पालं असतील, तर गटाने जाऊन ही माहिती त्या बाईला सांगावी. ती आपल्या हत्याराची निम्मी मालकीण आहे.

आम्ही काय केलं ते सांगून थांबतो. गटाच्या बैठकीत ठराव केला, अंतर्गत कर्जातून ज्यांना हवी त्यांना सुरीचे पैसे दिले. एका सुरीला लोखंड, घडाई, मूठ धरून तीनशे ते चारशे रुपये पडले. हप्ता इतका लहान होता की कुणाला जड गेला नाही. दहा जणींचं काम एकदम दिल्यामुळे लोहाराने पाणी, मूठ सगळं निगुतीने केलं. अर्धे पैसे आधी, अर्धे कानस लावून बघितल्यावर. म्यानं आमच्यातल्याच एकीने शिवली. धार लावायचा दगड गटाचा एकच, तो बैठकीला येतो. हिशोब होतो तोवर आळीपाळीने धारही होते.

आणि नाव घातलं. आपल्या घरात पितळेच्या भांड्यांवर नाव असतं, बहुतेक सासऱ्याचं, नवऱ्याचं, नाहीतर आहेर करणाऱ्या मामाचं. आम्ही पाणी द्यायच्या आधीच मुठीजवळ पात्यावर ठशाने ज्या बाईची सुरी तिचं नाव उठवून घेतलं. एकीच्या सासूने विचारलं, सुरीवर कुणी नाव घालतं का? सून म्हणाली, आई, तुमच्या विळीवर पण घालून आणू का? आता ती विळीही नावाची आहे. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायला मांडली, तेव्हा कोयता-पाना-हातोडीच्या रांगेत ही विळी आणि या सुऱ्याही होत्या.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं रोजचं हत्यार बरोबर आणा, विळा, खुरपं, विळी, जे असेल ते. मधे सतरंजीवर मांडा. कुणाची मूठ हलते, कुणाची धार गेली, कुणाला ते मापाचं नाही, एकेक बघा. गावातला लोहार अजून भट्टी पेटवत असेल तर त्याच्याकडे सगळ्यांचं काम एकत्र घेऊन जा. त्याचीही भट्टी चालेल. आणि निघताना आपलं नाव नीट, वळणदार अक्षरात कागदावर लिहून न्या.